दाखला गेला, मूल कुठे गेले?

दहावीचा निकाल लागला की नौपाड्यापासून डोंबिवलीच्या फडके रोडपर्यंत शाळांच्या फाटकांवर फ्लेक्स चढतात. सलग इतकी वर्षे १०० टक्के निकाल, आणि खाली नव्वदीच्या पुढच्या मुलामुलींचे फोटो. हे शंभर टक्के परीक्षेला बसलेल्यांचे असतात. दोन वर्षांपूर्वी याच शाळेच्या आठवीत किती मुले होती, हा आकडा फ्लेक्सवर नसतो आणि पालकसभेत तो कुणी विचारतही नाही. गळतीचा दर देशाचा निघतो, राज्याचा निघतो, जिल्ह्याचाही निघतो. पण अमुक एका शाळेची गळती किती, असे विचारले की मुख्याध्यापकांपासून केंद्रप्रमुखांपर्यंत सगळे सावध होतात. त्यातली बरीचशी सावधगिरी प्रामाणिक आहे, हे आधीच सांगितलेले बरे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली हा पट्टा हे समजून घ्यायला सोयीचा आहे, कारण मोजणी जिथे जिथे अडखळते त्या सगळ्या जागा इथे लोकलच्या एका प्रवासात सापडतात.

प्रश्न जुना आहे. १९२९ च्या हार्टोग समितीने इथल्या प्राथमिक शिक्षणाची दोन दुखणी सांगितली: मुले मध्येच शाळा सोडतात, आणि जी राहतात ती एकाच इयत्तेत अडकून पडतात. आपल्याकडे त्याला 'गळती आणि स्थगिती' हे जोडनाव रुळले. धनंजयराव गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांचे सातारा जिल्ह्यातल्या प्राथमिक शिक्षणाच्या पाहण्यांचे पुस्तक पुण्याच्या गोखले संस्थेने १९५५ मध्ये काढले. शाळा सोडून गेलेल्यांची साक्षरता पुढे टिकते का, हा त्यातला एक प्रश्न होता. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांनीही हा विषय सोडला नाही. आणि त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातच, कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मूल शाळेत येत नाही म्हणून शाळाच कुरणात नेली. त्यांना गळतीचा दर काढायची गरज पडली नसावी. कोण येत नाही आणि का येत नाही, हे नावानिशी ठाऊक होते. पुढे शाळा वाढल्या, मुले वाढली, आणि नावांच्या जागी बेरीज आली.

ही बेरीज म्हणजे शाळांची माहिती गोळा करणारी सरकारी प्रणाली, आधी 'डाएस' आणि मग 'यू-डाएस'. १९९० च्या दशकात जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाबरोबर ती सुरू झाली आणि २०१२-१३ पासून पहिली ते बारावी एकत्र आली. प्रत्येक शाळेला अकरा अंकी क्रमांक मिळाला. पहिले २७ महाराष्ट्राचे, पुढचे २१ ठाण्याचे. शाळेने ३० सप्टेंबरच्या पटावरून इयत्तावार संख्या भरायची. गेल्या वर्षीच्या पाचवीतली किती मुले यंदा सहावीत आहेत, किती पाचवीतच राहिली, हे काढायचे, आणि दोन्ही शंभरातून वजा केले की उरते ती गळती.

देशाच्या पातळीवर हे गणित ढोबळ का होईना चालते, कारण एका शाळेतून गेलेले मूल दुसऱ्या शाळेच्या रकान्यात उगवते. एका शाळेपुरते ते कोसळते, आणि आपल्याकडे उलट्या दिशेने कोसळते. ठाणे शहराची लोकसंख्या २००१ मध्ये १२.६ लाख होती, २०११ मध्ये १८.४ लाख. दिवा, मुंब्रा, टिटवाळा, आंबिवली या भागांत दरवर्षी नव्या चाळी, नव्या इमारती आणि नवी कुटुंबे. अशा ठिकाणच्या शाळेत पाचवीत ५० मुले असतात आणि पुढच्या वर्षी सहावीत ५६ होतात. सूत्रात आकडे घातले की गळती उणे बारा टक्के! मग ती शून्य धरली जाते. त्या ५० पैकी सात मुले वीटभट्टीवर, यंत्रमागावर किंवा गावाला गेली असतील, पण आलेल्या तेरांनी ती झाकून टाकली.

हद्दीही एका जागी राहत नाहीत. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, आणि जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी शाळा ठाण्याच्या सरासरीतून बाहेर पडल्या. त्याआधीचा आणि नंतरचा ठाणे जिल्हा एकाच आलेखावर मांडून 'सुधारणा' दाखवता येते, मांडणारे मांडतातही. कल्याण-डोंबिवलीत तर २७ गावांचा खेळ चालू आहे. १९८३ मध्ये ती महापालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर गेली, २०१५ मध्ये पुन्हा आत. २००१ च्या जनगणनेत ११.९ लाख असलेली महापालिकेची लोकसंख्या २०११ मध्ये जेमतेम १२.५ लाख दिसते, त्याचे मोठे कारण ही गावे. त्यानंतर जनगणनाच झाली नाही. तेव्हा 'या वयाची एकूण मुले' या छेदाबद्दल कुणी दशांश चिन्हासह बोलू लागले की हसू येते.

आता एक शाळा घेऊ, मनातलीच. आठवीत ६० मुले, दोन वर्षांनी दहावीच्या परीक्षेला ५२. आठ कमी, म्हणजे तेरा टक्के. पण जनरल रजिस्टर उघडून नावे लावली तर कळते की ५२ पैकी नऊ मुले नववीत नव्याने आलेली. मूळच्या ६० पैकी परीक्षेला बसली ४३. उरलेल्या सतरांपैकी आठ दुसऱ्या शाळेत दाखल झाल्याची खात्री आहे, तीन नववीतच राहिली, तिघांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायचे ठरवले, आणि तिघांचा पत्ता नाही. आता या शाळेची गळती किती? पत्ता नसलेले तेवढे धरले तर पाच टक्के. सतरा नंबरवाले मिळवले तर दहा. पटाची साधी वजाबाकी केली तर तेरा. 'आमच्याकडे आले आणि आमच्याकडून दहावीला बसले' एवढेच विचारले तर अठ्ठावीस टक्के निसटले. चारही आकडे एकाच रजिस्टरमधून आलेले, चारही खरे. कोणता छापायचा, हा प्रश्न गणिताचा नाही.

शिवाय ज्या शाळेत आठवीत वीसच मुले आहेत तिथे एका घरातली दोन भावंडे गावी गेली की दहा टक्के गळती होते आणि पुढच्या वर्षी शून्य. अशा शाळांची एका वर्षाच्या आकड्यावरून क्रमवारी लावणे म्हणजे नाणे उडवून मुख्याध्यापकाला नोटीस देणे.

रजिस्टरमध्ये सगळ्यांत बोलका, आणि सगळ्यांत मुका, रकाना शेवटी असतो: 'शाळा सोडल्याचे कारण'. वर्षांमागून वर्षे पाने उलटत गेले तरी तिथे तीनचारच वाक्ये भेटतात. 'पालकांच्या विनंतीवरून'. 'पुढील शिक्षणासाठी'. 'पालकांचे स्थलांतर'. शेजारी प्रगती 'समाधानकारक', वर्तणूक 'चांगली'. यंत्रमागावर कांड्या भरायला गेलेला मुलगा, सोळाव्या वर्षी लग्न लागलेली मुलगी, आणि बापाने घोडबंदर रोडला फ्लॅट घेतला म्हणून सीबीएसईत गेलेला मुलगा, हे तिघेही 'पालकांच्या विनंतीवरून' गेलेले असतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ ने दाखला ताबडतोब देणे मुख्याध्यापकावर बंधनकारक केले आणि दाखल्यावाचून प्रवेश अडवायला मनाई केली. दोन्ही गोष्टी मुलांच्या भल्याच्या. पण त्यामुळे दाखला हा मूल कुठे पोचल्याचा पुरावा राहिला नाही. तो निघाल्याचा पुरावा आहे.

आणि निघणे इथे सतत चालू असते. भाडेकरार अकरा महिन्यांचा. करार संपला, डिपॉझिट वाढले, की कुटुंब कळव्याहून दिव्याला, दिव्याहून टिटवाळ्याला सरकते. दिवाळीनंतर शहापूर-मुरबाडची कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर येतात आणि पावसाच्या तोंडाला परततात. त्या मुलांची नावे गावच्या पटावर, मुले भट्टीवर. विधायक संसद या संस्थेने १९९० च्या दशकात अशाच भट्ट्यांवर भोंगाशाळा काढल्या; सरकारने पुढे स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आणले, म्हणजे जाईल तिथल्या शाळेने मुलाला बसवून घ्यावे. पत्रक घेऊन निघालेली किती मुले पोचली, ही मोजणी मात्र दोन शाळांनी एकमेकींशी बोलल्याशिवाय होत नाही, आणि त्या दोन शाळा बहुधा दोन तालुक्यांत असतात.

मोजणाऱ्याचा हात का थरथरतो, तेही पाहायला हवे. पटावर शिक्षकांची पदे ठरतात. संच मान्यतेत पट घसरला की एक शिक्षक 'अतिरिक्त' होतो आणि समायोजनाच्या यादीत जातो. अशा वेळी दोन महिने न आलेल्या मुलाचे नाव कोण काढील? कायदाही नाव काढू नका म्हणतो. याचे टोक २०११ च्या ऑक्टोबरात दिसले. नांदेडमधल्या पडताळणीने डोळे उघडल्यावर राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली आणि पटावरची सुमारे २० लाख मुले वर्गात आढळली नाहीत. त्यात बोगस नावे होती, दोन शाळांत असलेली मुले होती, आणि खरोखर शाळा सोडून गेलेली पण पटावर जिवंत ठेवलेलीही होती. तिसरा गट म्हणजेच गळती. पण चर्चा घोटाळ्याची झाली आणि गळती तिच्यात बुडाली.

चार वर्षांनी उलटा प्रयोग झाला. ४ जुलै २०१५ ला एका दिवसात शाळाबाह्य मुले शोधायची, सापडलेल्या मुलाच्या बोटाला मतदारासारखी शाई लावायची. निघाली सुमारे ७४ हजार. राज्याचा आकार पाहता हा आकडा स्वयंसेवी संस्थांना पटला नाही, आणि मलाही पटत नाही. शनिवारी जुलैच्या पावसात भट्ट्या बंद असतात. नाका कामगार सकाळी सातला पोरांसह निघून गेलेला असतो. शिवाय व्याख्येचा घोळ. महाराष्ट्रात महिनाभर सलग गैरहजर राहिलेले मूल शाळाबाह्य; केंद्राच्या मोजणीत ४५ दिवस; कर्नाटकाने उच्च न्यायालयाच्या दट्ट्यानंतर सात दिवस धरले. महिन्यातून एकदा खिचडीला येऊन जाणारे मूल आपल्या व्याख्येत शाळेतच असते.

२०२२-२३ पासून यू-डाएस प्लसमध्ये संख्या भरणे बंद होऊन एकेका मुलाची नोंद सुरू झाली. महाराष्ट्रात 'सरल' प्रणालीने २०१५ पासून हे सुरू केलेच होते. आता प्रत्येक मुलाला कायमचा 'पेन' क्रमांक आहे. शाळा वर्षाअखेरीस प्रत्येक नावापुढे खूण करते: वर चढला, राहिला, इथेच आहे, दाखला घेऊन गेला, न घेता गेला. गेलेले मूल 'ड्रॉप बॉक्स'मध्ये पडते, आणि नवी शाळा पेन क्रमांक आणि जन्मतारीख टाकून त्याला आपल्याकडे ओढते. शिक्षकांच्या तोंडी 'ड्रॉप बॉक्सला टाकला' हा आता रोजचा प्रयोग आहे. माझ्या मते या विषयात गेल्या सत्तर वर्षांत झालेली ही सर्वांत कामाची गोष्ट, कारण ड्रॉप बॉक्समध्ये पडून राहिलेले नाव म्हणजे, चुका वगळल्या तर, निसटलेले मूल.

पण चुका वगळणे हेच काम. शाळेत 'प्रविण', आधारवर 'प्रवीण'. शाळेत जन्मतारीख १ जून, कारण पिढ्यान्‌पिढ्या गुरुजींनी तीच लिहिली. आधारवर १ जानेवारी, कारण तिथल्या यंत्राने ती घातली. जुळले नाही की नवी शाळा नवीनच नोंद करते. एक मूल दोन होते: एक नव्या शाळेत शिकते, दुसरे जुन्या शाळेच्या खात्यावर गळती म्हणून पडते. देशाचा एकूण पट २०२१-२२ मध्ये २६.५ कोटी होता. नावानिशी नोंद सुरू होताच तो २५.२ कोटींवर आणि २०२३-२४ मध्ये २४.८ कोटींवर आला. माध्यमिक स्तरावरची गळती २०२२-२३ मध्ये १३.८ टक्के, पुढच्या वर्षी १०.९, आणि २०२४-२५ मध्ये ८.२. दोन वर्षांत साडेपाच टक्क्यांची घसरण शाळांनी घडवली की दुरुस्त झालेल्या नोंदींनी? दोन्हींनी, पण वाटा मोठा नोंदींचा असावा असे मला वाटते. सरकारी आकड्यांचा भोळेपणा पाहायचा असेल तर २०२०-२१ पाहावे. शाळा वर्षभर बंद, मोबाइल नसलेली मुले घरी, आणि प्राथमिक गळती अवघी ०.८ टक्के, कारण सगळे वर चढले.

आता पुन्हा १०० टक्क्यांकडे. अमेरिकेत ह्यूस्टनच्या शार्प्सटाऊन हायस्कूलने २००१-०२ साली एकही मूल गळाले नाही असे कळवले होते. नववीत हजाराच्या आसपास असलेला तो वर्ग बारावीपर्यंत तीनशेच्या आत आला होता. त्या एका वर्षात ४६३ मुले शाळा सोडून गेली होती, पण प्रत्येकाच्या नावापुढे 'दुसऱ्या शाळेत', 'मायदेशी', 'खासगी शिक्षण' असा काही ना काही संकेतांक भरलेला. २००३ मध्ये तिथल्याच एका सहायक मुख्याध्यापकाने हे बाहेर काढले. आपला संकेतांक म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म. खरे तर तो फॉर्म उपकारक. कामाला जाणाऱ्या, लग्न होऊन गेलेल्या, शाळा सुटलेल्या हजारोंना त्याने दहावी करून दिली आहे. पण नववीतल्या कच्च्या मुलाच्या पालकांना बोलावून 'याला रेग्युलर झेपणार नाही, सतरा नंबर भरा' असे सुचवणाऱ्या शाळा या पट्ट्यात कुणाला नव्याने सांगाव्या लागत नाहीत. मूल गळाले असे कुठेच लिहिले जात नाही, निकाल मात्र शंभर टक्के राहतो. म्हणून मध्यमवर्गीय डोंबिवलीतली नामांकित शाळा गळतीच्या प्रश्नाबाहेर आहे, हे मला मान्य नाही. दिव्यातली महापालिकेची शाळा मुले गमावते, ही सोडवते.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या रॉबर्ट बाल्फान्झ आणि नेटी लेगटर्स यांनी २००४ मध्ये यावर साधा उपाय काढला: बारावीच्या मुलांची संख्या, तीन वर्षांपूर्वीच्या नववीच्या संख्येशी ताडून पाहायची. साठ टक्के किंवा त्याहून कमी उरली तर शाळा धोक्यात. ढोबळ माप, पण लबाडीला जागा कमी. युरोपात याच्या अगदी उलट रीत आहे. १८ ते २४ वयाच्या तरुणांना घरी जाऊन विचारतात, शाळेला विचारतच नाहीत. देशांची तुलना त्यातून उत्तम होते, शाळेला काहीच कळत नाही. आपल्याकडे 'असर'ची शैक्षणिक पाहणी ग्रामीण भागापुरती, त्यामुळे ठाणे-कल्याणची शहरे तिच्यात नाहीतच.

एक जागा अशी आहे की तिथली गळती कोणत्याच शाळेची नसते. महापालिकेच्या बहुतेक शाळा सातवी-आठवीला संपतात. माध्यमिक वर्ग मोजक्या ठिकाणी. आठवी झालेल्या मुलीला दाखला मिळतो, जुन्या शाळेचे काम पूर्ण. नववीच्या अनुदानित शाळेत ती आलीच नाही, तर त्या शाळेला ती माहीतही नसते. हिंदी किंवा उर्दू माध्यमाच्या मुलीला तर नववी आपल्या भाषेत जवळपास मिळेलच याची खात्री नाही, आणि रेल्वे ओलांडून शाळेत पाठवायला घर तयार नसते. दोन्ही शाळांची गळती शून्य.

उलट ज्यांच्याकडे मोजायला पटच नव्हता त्यांनी मूल धरून ठेवायचे काम बरे केले. ठाण्याच्या तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६ मध्ये समर्थ भारत व्यासपीठाने महापालिकेच्या साथीने सिग्नल शाळा काढली. मराठवाड्याच्या दुष्काळातून आलेल्या, सिग्नलवर गजरे विकणाऱ्या पारधी कुटुंबांतली मुले. तिथून मुले दहावी पास होऊन बाहेर पडली. मूल सकाळी आले नाही तर दहा पावलांवर जाऊन विचारता येते, ही त्या शाळेची मोजणीची पद्धत.

शिकागोच्या संशोधकांना असेच काहीसे आकड्यांतून दिसले होते. हायस्कूलच्या पहिल्या वर्षी, म्हणजे नववीत, मूल किती तासांना आले आणि किती विषयांत गचकले, यावरून ते पुढे टिकेल की नाही हे आधीच्या परीक्षांतल्या गुणांपेक्षा चांगले सांगता येते. म्हणजे शाळेने मोजायचे ते गेलेले मूल नव्हे, जायला लागलेले मूल. हजेरीपट त्यासाठी पुरेसा आहे. सलग महिन्याची वाट कशाला, महिन्यात सात-आठ दिवस तुटक गैरहजर असलेल्यांची यादी दर शनिवारी निघू शकते. एका शाळेच्या गळतीचा दर जाहीर करून तिला शिक्षा करायला माझा विरोध आहे. पटपडताळणीने आणि शार्प्सटाऊनने त्याचे फळ दाखवले आहे. पण निकालाच्या फ्लेक्सशेजारी 'आठवीला इतके होते, त्यातले इतके बसले, इतके अमुक शाळेत आहेत' एवढे छापायला लावणे ही शिक्षा नव्हे. तीन वर्षांची सरासरी छापा, म्हणजे लहान शाळेवर अन्याय नको. आणि दाखला दिला म्हणून शाळा सुटू नये. नव्या शाळेने ड्रॉप बॉक्समधून मूल उचलेपर्यंत ते जुन्याच शाळेच्या खात्यावर राहावे.

शिक्षण हक्क कायद्याचे कलम ९ आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवण्याचे काम स्थानिक प्राधिकरणावर टाकते, स्थलांतरितांच्या प्रवेशाचेही. ठाणे जिल्ह्यात अशा सहा महापालिका आहेत, शिवाय अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपालिका आणि जिल्हा परिषद. ठाणे महापालिकेच्या दिव्यातून निघालेले कुटुंब पुढच्या स्टेशनवर उतरले की कल्याण-डोंबिवलीत, खाडी ओलांडून पुढे भिवंडीत गेले की भिवंडी-निजामपूरच्या हद्दीत. प्रत्येकाचा शिक्षण विभाग वेगळा. ड्रॉप बॉक्समध्ये तीन महिन्यांहून जास्त पडून असलेल्या नावांची यादी जुलै आणि डिसेंबरमध्ये एका टेबलावर ठेवून सगळ्यांचे केंद्रप्रमुख दोन दिवस बसले, तर निम्मी नावे शुद्धलेखनात सापडतील. उरलेल्या नावांच्या घरी जावे लागेल, आणि त्यासाठी नवे पोर्टल नको, शिक्षकाला जनगणना आणि मतदारयादीच्या कामातून मोकळी मिळालेली एक संध्याकाळ हवी.